गावाचा रकाना

आमच्या मराठी विभागात लोकसाहित्याच्या संकलनाचा एक फॉर्म आहे. गाणाऱ्या बाईचं नाव, वय, गाव, तालुका, कोणत्या प्रसंगी म्हणतात, आणि खाली गोळा करणाऱ्याची सही. मी स्वतः एम. ए. करत होते तेव्हा हाच फॉर्म सायक्लोस्टाइलवर निघायचा आणि भरताना बोटांना शाई लागायची. आता तो ऑनलाइन आहे. एक रकाना जरी रिकामा राहिला तर तो पुढं जात नाही, लाल अक्षरांत ओरडतो. ते तसं मीच करून घेतलं होतं. संगणकाच्या सरांच्या डोक्यावर बसून करून घेतलं होतं, आणि त्याचा मला फार तोरा होता.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं शिकवतेय, पण अजून वर्गात कुणी जांभई दिली तर माझं डोकं फिरतं. टाळेबंदीनंतर तर ते रोजच फिरायला लागलं. मुलं पुस्तक उघडेनात. कवितेवर लिहून आणा म्हटलं की नेटवरचं उचलून आणायची. एकदा अठ्ठावीस जणांनी एकच निबंध दिला, त्यातल्या चुकांसकट. शेवटची ओळसुद्धा सगळ्यांची तीच, ‘अधिक माहितीसाठी आमचा चॅनल सबस्क्राइब करा.’ आता बोला. मी वर्गात ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हटलं, “अरे, चोरी करायची तर निदान मालकाची पाटी तरी काढून ठेवा.” सगळे हसले. मला मात्र रडायला यायचं बाकी होतं.

त्या रागातच मी तो स्वाध्याय काढला. नेटवर सापडणारच नाही असं काहीतरी आणायचं. घरी जायचं, आईला, आत्याला, चुलतीला बसवायचं, तिच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि फॉर्मसोबत पाठवायच्या. जातं आता गावाकडंही हळदीपुरतं आणि डाळ भरडण्यापुरतं राहिलंय, पण बायांच्या तोंडात ओव्या आहेत. ‘बघू आता कुठून कॉपी करता,’ असं मी मनातल्या मनात म्हणाले.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. वैजापूर तालुक्यातल्या एका गावातली, मेंढपाळाच्या घरची. वडील वर्षाचे आठ महिने मेंढरांमागं, घरी आई आणि धाकटा काका, काकाचीच घरात चालायची. शहरात ती वसतिगृहात राहायची आणि शनिवारी गावी जायची. कमी बोलणारी, पण उत्तरपत्रिकेत असं एखादं वाक्य लिहायची की मी लाल पेन खाली ठेवायचे. तिची ध्वनिफीत सगळ्यांत शेवटी आली.

दुपारचं स्टाफरूम रिकामं होतं. मी इअरफोन कानात घालून ऐकायला लागले. आधी नुसता जात्याचा आवाज, मग कुठंतरी शेळी ओरडली, मग एक भरदार, जरा घोगरा आवाज. माहेरच्या दोन ओव्या झाल्या, भावाची एक झाली. आणि मग,

पाण्याला गेली म्हनती, धाकली माझी जाऊ
घागर घरी कोरडी, कुनाला गं मी दावू

इहिरीच्या काठावरी, पाय घसरला म्हनती
उतरंडीला घागर, माझ्या डोळ्यांपुढं व्हती

दळते मी बाई दळन, जात्यालाच सांगते
मानसाच्या कानाआड, ह्या घरात नांदते

वीस वर्षं मी असल्या ओळींची वाट बघत होते. शेवटी रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी पुरुष खाकरल्याचा आवाज आला, आणि बाईनं ओवी मध्येच तोडून देवाची सुरू केली. तेही मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

खरं तर मला ते कळायला हवं होतं. मी फुलंब्रीची. आमच्या घरी आई दळायला बसली की पुरुषमाणूस ओट्यावर चढण्याआधी खाकरायचा. तो रिवाजच होता. खाकरणं ऐकू आलं की सासूची, जावेची, नवऱ्याची ओवी असेल तिथं मोडायची आणि रामाची नाहीतर विठ्ठलाची सुरू व्हायची. तो आत यायचा, पाणी प्यायचा, जायचा. मग पुन्हा मूळ गोष्ट. जात्यावर जे सांगितलं ते जात्यापाशीच राहतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण शिकलेलं माणूस आधी आपल्या आईचं विसरतं.

मुलीच्या फॉर्ममध्ये नावाच्या जागी ‘आई’ लिहिलं होतं आणि गावाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ; तेवढ्यावर फसून फॉर्म पुढं आला होता. मी तिला बोलावलं.

“हे काय? गाव कुठंय?”

“मॅडम, गाव नाही टाकलं तर चालंल का?”

“मुळीच चालणार नाही. गावाशिवाय ओवीला काय अर्थ? ती कुठली, कुणाची, कसं कळणार? रकाना रिकामा ठेवलास तर मी दोन गुण कापेन.”

ती थोडा वेळ ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, “हे फक्त तुमच्याकडंच राहील ना?”

“अगं, तर काय पेपरात छापतेय? भर आणि दे.”

तिनं तिथंच माझ्यासमोर भरलं. आईचं नाव, वय, गाव, तालुका. आडवी रेघ गेली, फॉर्म पुरा झाला. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

पेपरात मी छापलं नाही, हे खरं. दोन महिन्यांनी कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपल्या विषयाचा ऑनलाइन व्हिडिओ तयार करायचा. माझ्याजवळ काय होतं? ती ध्वनिफीत होती. चाळीस मिनिटांचं व्याख्यान मी दोन दिवसांत उभं केलं. ‘स्त्रीगीतांतील प्रतीकसृष्टी.’ मागं ओवी वाजते, पुढं मी बोलते. कोरडी घागर म्हणजे स्त्रीचं रितं आयुष्य. विहीर म्हणजे संसाराची खोली. जातं म्हणजे आत्मसंवाद. काय काय म्हणून सांगितलं मी. खाकरण्याचा आवाज आणि त्यापुढची देवाची ओवी कापून टाकली, आवाज स्वच्छ हवा म्हणून. आणि व्हिडिओखाली, आमच्या शिस्तीप्रमाणं, गाणारीचं नाव, वय, गाव, तालुका.

मुलीला विचारलं नाही. कबूलच करते. विचारावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिले आठ दिवस मी हवेत होते. कुठून कुठून प्राध्यापकांचे अभिप्राय आले. परदेशातल्या कुणा बाईंनी लिहिलं की त्यांना आपली आजी आठवली. मग एके दिवशी खाली एक ओळ आली, ‘हे आमचं गाव हाय.’ मला बरं वाटलं. लोक आपल्या गावाचं नाव टाकून नेटवर शोधत असतात. मी स्वतः फुलंब्री टाकून बघते. वाळूजला कंपनीत कामाला असलेला कुणी पोरगा असेल, त्याला सापडलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली आणखी एक, ‘घागर कोनाची ते आमाला म्हाईत हाय.’ तिसऱ्या दिवशी, ‘एवढी वर्सं गप बसली बाई. आता बोलली.’

मी ती ओळ स्टाफरूममध्ये व्याकरण शिकवणाऱ्या सरांना दाखवली. आमच्यात तेच सर्वांत वडीलधारे. म्हटलं, “बघा सर, लोकांना साहित्य कसं भिडतं.” सरांनी चष्मा वर केला, तिन्ही ओळी वाचल्या, मोबाईल माझ्या हातात परत दिला.

“मॅडम, हे साहित्याबद्दल बोलत नाहीयेत,” ते म्हणाले.

मी ताडकन काहीतरी उत्तर देणार होते. पण मग मी त्या तीन ओव्या मनातल्या मनात पुन्हा म्हटल्या, कसलंही प्रतीक न लावता. धाकटी जाऊ पाण्याला गेली असं सांगतात. विहिरीवर पाय घसरला असं सांगतात. पण घागर घरात उतरंडीला होती, कोरडी होती. घागर न घेता कोण पाण्याला जातं? बाई साधं, स्पष्ट सांगत होती. मी तिच्यावर चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं होतं.

व्हिडिओ मी तिथंच काढून टाकला. पण काढून काय होतं? स्पर्धा परीक्षांच्या नोट्स देणाऱ्या कुठल्याशा चॅनलनं तो आधीच उचलला होता. मुलीच्या आईच्या आवाजाखाली बासरी घातली होती. गावाचं नाव तसंच होतं. मी त्यांना लिहिलं, विनवण्या केल्या, धमकी दिली. उत्तर आलं नाही.

सोमवारी मुलगी वर्गात नव्हती. मंगळवारी नव्हती. फोन बंद. वसतिगृहात विचारलं तर, काका येऊन सामानासकट घेऊन गेले म्हणाले. चाचणी परीक्षा झाली, तिचा बाक रिकामा. मी हजेरी घेताना तिच्या आकड्यापाशी थांबायचे आणि वर्ग माझ्याकडं बघत राहायचा. गावी जावं असं वाटे. पण जाऊन काय बोलणार, आणि मी गेल्यानं तिथं आणखी काय होईल, ही भीती. मला खरोखर भीती वाटत होती, आणि लाज त्याहून जास्त.

पंधरवड्यानंतर काकाच आला.

कॉलेजच्या आवारात लिंबाखाली बाकावर बसला होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून उठून उभा राहिला, हात जोडले. मी राक्षस येईल म्हणून धास्तावले होते आणि समोर हा असा अदबशीर माणूस.

“लई चांगलं शिकवता मॅडम तुमी,” तो म्हणाला. “आमच्या घरात समद्यांनी ऐकलं. तीन येळा लावलं.”

मी म्हटलं, “मुलगी कशी आहे? तिची परीक्षा बुडाली.”

“पोरगी बरी हाय. हुशार हाय, शिकंल. वैनी बी बरी हाय.” तो हळू, सावकाश बोलत होता. “एक इचारायचं व्हतं. तुमी सांगितलं, घागर म्हंजी बाईचं रितं आयुष्य. ते खरं ना?”

मी हातातलं हजेरीपुस्तक उगाच उघडून मिटलं.

“मला पटलं ते. पर गावात काही लोकांना पटंना. माझी बायको पाय घसरून गेली, वीस वर्सं झाली, पोलीस झालं, पंचनामा झाला, समदं झालं. आता लोक पोराटोरांच्या मोबाईलवर ऐकून माझ्या तोंडाकडं बघत्यात. तर तुमी तेवढं लिहून द्या. तुमी सांगितलं तेच. जादा काय नको.”

“आणि नाही दिलं तर?”

तो हसला. रागावला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. “मग काय, पोरगी ऱ्हाईल घरी. तिच्या आईला सोबत लागती. पाण्याला लांब जावं लागतं, एकटी बाई.”

पाच मिनिटांत येते असं सांगून मी स्टाफरूममध्ये गेले. सर होते. त्यांना सगळं सांगितलं. पोलिसांत जावं का, असंही विचारलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “तुमच्याजवळ काय आहे मॅडम? सहा ओळी. आणि त्या जिनं म्हटल्या तिला रात्रंदिवस त्याच घरात राहायचंय.” ते म्हणाले ते बरोबर होतं. आजही मला ते बरोबर वाटतं आणि आजही मला त्याचा राग येतो.

मी विभागाचा कागद काढला. ‘सदर ओव्या पारंपरिक असून त्यांतील घागर, विहीर इत्यादी उल्लेख प्रतीकात्मक आहेत. त्यांचा कोणत्याही व्यक्तीशी अथवा घटनेशी संबंध नाही.’ सही केली, शिक्का मारला. व्याख्यानाला चाळीस मिनिटं लागली होती, याला चार लागली.

काकानं कागद दोनदा वाचला, ओळीखालून बोट फिरवत. मग परत माझ्यापुढं धरला.

“गावाचं नाव ऱ्हायलं की मॅडम.”

मी गावाचं नाव घातलं. तालुकाही घातला.

सोमवारी मुलगी वर्गात आली. तिसरा बाक सोडून मागं, भिंतीला लागून बसली. तास संपल्यावर मी तिला थांबवलं. माझी तयारी अशी होती की ती रडेल, मला बोल लावेल, मग मी माफी मागेन आणि दोघी मोकळ्या होऊ.

“आई कशी आहे?”

“बरी हाय.”

“मी ते लिहून दिलं, ते तू परत यावीस म्हणून. तुझ्या आईसाठी. माझं चुकलं गं, सुरुवातीपासून चुकलं.”

“व्हय मॅडम.” ती खाली बघत होती. “आईला वाचता येत नाय. काका म्हणाले, तू वाचून दाखव. मी वाचून दाखवलं.”

मला पुढं विचारायचं धैर्य नव्हतं. तीच बोलली.

“रेकॉर्डिंगच्या वेळी मी आईला सांगितलं होतं, मोबाईल चालू हाय. मॅडम एकट्याच ऐकणार हायेत. तर आई म्हणाली, मग म्हणते. शिकलेली बाई हाय, तिला कळंल.”

ती एवढं सांगून गेली. मी त्या रिकाम्या वर्गात बसून राहिले. पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली तेव्हा उठले.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी फॉर्म बदलला. गावाचा रकाना आता रिकामा ठेवता येतो, नावाचाही. व्हिडिओ करत नाही. पण नेटवरचं नेटवर राहतंच. यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांना स्त्रीगीतांवर लिहायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी एकच वाक्य लिहून आणलं, ‘कोरडी घागर हे स्त्रीच्या रित्या आयुष्याचं प्रतीक आहे.’ बासरीवाल्या चॅनलवरून उचललेलं. माझंच वाक्य. मी कुणाला रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार?

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. संकलनाचा स्वाध्याय पुन्हा होता. मी तिला मुद्दाम सांगितलं होतं, तू दुसरा विषय घे, म्हणी घे, उखाणे घे, काहीही घे. तिनं मान हलवली. तिचा फॉर्म गेल्या आठवड्यात आला. एकही रकाना तिनं रिकामा ठेवलेला नव्हता. आईचं पूर्ण नाव, वय, गाव, तालुका, प्रसंग ‘डाळ भरडताना’.

सोबत सहा मिनिटांची ध्वनिफीत होती. मी दार लावून घेतलं आणि ऐकायला लागले. जात्याचा आवाज होता. खुंटा धरून हात बदलल्यावर होतो तो किंचित अडखळा, पुन्हा एकसारखी घरघर. मी वाट बघत होते. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. बाईचा श्वास ऐकू येत होता, बांगड्या ऐकू येत होत्या. तोंडातून शब्द नव्हता. शेवटाकडं ओट्यावर कुणीतरी खाकरलं.

जातं तसंच फिरत राहिलं. मोडायला ओवीच नव्हती.